लांडगा, मेंढपाळ आणि पंचनामा

श्रोतेहो, नमस्कार.

आज मी लांडग्याची बाजू मांडायला आलो आहे. ती मांडताना मेंढपाळाचीही बाजू मांडावी लागेल, त्याला इलाज नाही. या दोघांत भांडण लावून दिलं, तर लांडगा हरणार हे ठरलेलंच आहे.

वाघ म्हटला की आपल्याला ताडोबा आठवतं, मेळघाट आठवतं. आपल्याकडचा लांडगा मात्र उघड्या माळावरचा प्राणी. बारामती, इंदापूर, दौंड, माण, सांगोला, सोलापूर या अवर्षणाच्या पट्ट्यात तो राहतो. उन्हाळ्यात हा माळ इतका भकास दिसतो की गाडीतून जाणाऱ्याला वाटावं, इथं काही नाही. पाऊस पडला की तिथंच पवना आणि मारवेल गुडघ्याला लागतं. चिंकारा, ससे, घोरपडी, धाविक पक्षी असा सगळा संसार त्या गवतात असतो. या संसारातला सगळ्यात मोठा शिकारी म्हणजे लांडगा. शास्त्रज्ञांनी जनुकांचा अभ्यास करून दाखवलं आहे की भारतीय लांडगा ही जगातल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या वंशशाखांपैकी एक आहे. देशभरात आता ते उरलेत तीन हजारांच्या आसपास.

कमी का झाले? इंग्रजांच्या राज्यात लांडगा मारणाऱ्याला सरकार इनाम देत असे. इतिहासकार महेश रंगराजन यांनी जुने कागद तपासून काढलेला आकडा असा, की 1875 ते 1925 या पन्नास वर्षांत दोन लाखांच्या वर लांडगे मारले गेले. त्याच काळात वाघ मारले गेले ऐंशी हजारांहून अधिक. वाघाच्या शिकारीचे फोटो राजवाड्यांत लागले, लांडग्याचा नुसता हिशेब राहिला.

आज तो वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे कायद्याने वाघाच्याच पंक्तीला. त्याला मारलं तर तीन ते सात वर्षांची कैद. कागदावर हे चोख आहे. आता जरा मेंढपाळांच्या वाड्यावर, म्हणजे त्यांच्या रात्रीच्या मुक्कामावर चला.

कुणाच्या तरी शेतात मेंढ्या बसवलेल्या आहेत. भोवती वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावलेली आहे, कोकरं वेगळी कोंडलेली आहेत, कुत्री राखणीला आहेत, आणि दिवसभर चालून दमलेली माणसं घोंगडी पांघरून पडली आहेत. पहाटेच्या सुमारास कुत्री एका बाजूला भुंकत धावतात आणि दुसऱ्या बाजूने एक मेंढी जाते. कधी एक जाते, कधी घाबरलेला कळप वाघर तोडून उधळतो आणि तीन-चार जातात. आजच्या बाजारात एका मेंढीचे हजारो रुपये होतात. ज्याचं सगळं भांडवल चार पायांवर चालतं, त्याच्यासाठी हे काय असतं ते मी वेगळं सांगायला नको.

आणि तरीही हे लोक आजवर लांडग्याला सोसत आले. एखादी मेंढी गेली तर त्याचा वाटा गेला, असं म्हणणारी म्हातारी माणसं धनगरवाड्यांवर आजही भेटतात. मला या सोसण्याचं गोडगोड कौतुक करायचं नाही. ते शेकडो वर्षं टिकलं, कारण माळ मोठा होता, मेंढ्यांचं खांड, म्हणजे कळप, मोठं होतं आणि एका मेंढीने घर बुडत नव्हतं. आता माळ आक्रसला, चराईची जागा घटली, आणि तोच माणूस लांडग्याच्या बिळात धूर कोंडतो, बिळाचं तोंड दगडांनी बुजवतो, मेलेल्या शेळीत विष घालतो. आपल्याकडे लांडग्याची पिल्लं हिवाळ्यात जन्मतात, ओढ्याकाठच्या बिळांत. त्या दिवसांत एक बीळ बुजलं की त्या कळपाचं पूर्ण वर्ष गेलं.

यावर सरकारचा उपाय म्हणजे नुकसानभरपाई. लांडग्याने मेंढी मारली तर ती मिळते, तशी तरतूद आहे. पण त्यासाठी मेलेलं जनावर जागेवरच ठेवायचं, वनविभागाला वेळेत कळवायचं, पशुवैद्यक यायचा, पंचनामा व्हायचा. वाडा तर उद्या सकाळी पुढच्या मुक्कामाला निघणार. कोकरू असेल तर लांडगा ते उचलूनच नेतो, मागे दाखवायला काही उरत नाही. आणि पंचनामा झालाच, तर अर्ज मेंढपाळाच्या गावापासून दोन तालुके लांबच्या कचेरीत. एका मेंढीसाठी तीन हेलपाटे कोण घालील? फिरत्या माणसासाठीची ही योजना घर धरून बसलेल्या माणसाने लिहिली आहे, हे माझं स्पष्ट मत.

हे दुखणं एकट्या आपलं नाही. अमेरिकेत आयडाहो राज्याने 2021 साली कायदा करून लांडग्यांच्या शिकारीवरच्या मर्यादा जवळजवळ उठवल्या. राज्यातले दहांतले नऊ लांडगे मारता येतील, अशी चर्चा झाली. कारण दिलं ते गुराढोरांच्या नुकसानीचं. गंमत म्हणजे त्याच आयडाहोत, वुड रिव्हरच्या खोऱ्यात, काही मेंढपाळ राखणीची कुत्री, दिवे, दोरीला बांधलेली रंगीत फडकी आणि रात्रीचा जागता पहारा यांवर हजारो मेंढ्या डोंगरात चारतात आणि नुकसान अगदी थोडं होतं. आपल्या धनगराला यात नवं काय वाटणार? फडकी सोडली तर बाकी सगळं त्याच्याकडे आहेच.

मेंढपाळाइतकीच लांडग्याला आपल्या कागदपत्रांची भीती आहे. सरकारी नकाशांत या माळाची नोंद बहुधा पडीक जमीन अशीच असते. पडीक म्हटलं की ती कुणालाही देता येते: औद्योगिक वसाहतीला, सौर प्रकल्पाला, खाणीला. हिरवाई वाढवण्याच्या उत्साहात गवताळ माळावर खड्डे खणून गिरीपुष्पाची झाडं लावणारेही आपणच. गवत मेलं की चिंकारा गेला, मेंढीची चराई गेली, लांडगा गेला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या अभयारण्यातून माळढोक पक्षी जवळपास दिसेनासा झाला, ते उदाहरण ताजं आहे.

शिवाय भटकी कुत्री. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या आणि गावाचा कचरा माळाच्या कडेला पडतो, त्यावर कुत्र्यांच्या टोळ्या पोसतात. त्यांच्याकडून लांडग्यांना रेबीज आणि डिस्टेंपर हे रोग लागतात. पुण्याजवळ कुत्रा आणि लांडगा यांच्या संकराची पिल्लं जनुकीय तपासणीत सिद्ध झाली आहेत.

कुणी विचारील, माणसांवरच्या हल्ल्यांचं काय? उत्तर प्रदेशात बहराइच जिल्ह्यात 2024 च्या पावसाळ्यात मुलांचे बळी गेले, ते नाकारता येणार नाही. अशा वेळी त्या ठरावीक जनावराचा बंदोबस्त झालाच पाहिजे. त्यासाठी सोलापूरच्या माळावरची बिळं बुजवणं हा न्याय नव्हे.

शेवटी एक काम, खास शेतकरी श्रोत्यांसाठी. येत्या हंगामात तुमच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवाल, आणि रात्री लांडग्याने एखादी मारली, तर वनविभागाच्या 1926 या क्रमांकावर तुम्ही फोन करा. जागेचा फोटो काढा, कुत्र्यांनी मेंढी ओढू नये म्हणून तिच्यावर काटे टाका. मेंढपाळाचं नाव, गाव, त्याच्या बँकेच्या पुस्तकाची प्रत तुमच्याकडे ठेवून घ्या, आणि पंचनाम्याला साक्षीदार म्हणून तुम्ही थांबा. वाडा तोवर पुढे गेलेला असेल. तुम्ही मात्र तिथंच आहात, सातबारा तुमचा आहे, तलाठी तुम्हाला ओळखतो.

नमस्कार.