लाईन गेली की लॅपटॉपचं वायफाय काऊन तुटते?

नमस्कार भाऊ, ताई, सगळ्यायले. मागच्या प्रिंटरच्या व्हिडिओखाली अर्ध्या कमेंट वायफायच्याच होत्या, मोबाईलवर नेट मस्त चालते अन् लॅपटॉपवर मधातच तुटते, दादा यावर बनवा. तर आज तेच.

बेसिक पटकन सांगतो, बहुतेकांनी केलंच असंन. लॅपटॉपजवळच मोबाईल त्याच वायफायवर ठेवून पाहा, तिथबी तुटलं तर भानगड राऊटरची नाहीतर केबलवाल्याची. वायफाय फरगेट करून पासवर्ड पुन्हा टाका. अन् रीस्टार्ट करा, शट डाऊन नाही, रीस्टार्ट! विंडोजमधी फास्ट स्टार्टअप चालू असलं की शट डाऊन करताना ड्रायव्हरची (म्हणजे वायफायचं कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) जुनीच अवस्था डिस्कवर सेव्ह होते अन् चालू केल्यावर तीच परत येते.

आता मुद्द्यावर. दर्यापूरकडच्या एका भाऊची कमेंट होती, "लाईन गेली की थोड्या वेळात नेट जाते, राऊटर तर इन्व्हर्टरवर आहे, त्याचे लाईट लागूनच असतात." खाली चारपाच जणायनं लिहिलं, राऊटर बदल. कायले बदलायचं बाप्पा? राऊटर चालूच आहे ना! लाईन गेल्यावर बदललं काय ते पाहा. चार्जर बंद झाला, लॅपटॉप बॅटरीवर आला, अन् बॅटरीवर आला की विंडोज पॉवर वाचवाले लागते. बॅलन्स्ड प्लॅनमधी, म्हणजे विंडोजच्या नेहमीच्या पॉवर सेटिंगमधी, वायफायची सेटिंग चार्जरवर मॅक्झिमम परफॉर्मन्स असते अन् बॅटरीवर मीडियम पॉवर सेव्हिंग. म्हणजे अडॅप्टर, लॅपटॉपमधलं वायफायचं कार्ड, मधून मधून झोपते, तेवढ्या वेळ त्याचा डेटा राऊटरनं धरून ठेवायचा असते, अन् काही राऊटरले ते नीट जमत नाही. मंग कनेक्शन तुटते.

म्हणून पहिलं काम. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चेंज प्लॅन सेटिंग्ज, त्यात ॲडव्हान्स्ड. तिथं वायरलेस अडॅप्टर सेटिंग्ज उघडा अन् ऑन बॅटरीसमोर मॅक्झिमम परफॉर्मन्स करा.

दुसरं, अन् हे लोकं हमखास सोडतात. स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क अडॅप्टर्स. यादी लंबी दिसंन, मिनीपोर्ट वगैरेले हात लावू नका, ज्याच्या नावात वायफाय, वायरलेस किंवा ८०२.११ आहे त्यावर डबल क्लिक. पॉवर मॅनेजमेंट टॅबमधी पहिलीच टिक आहे, पॉवर वाचवासाठी हे डिव्हाइस बंद कराची कॉम्प्युटरले परवानगी. ती काढा. पहिली सेटिंग वेगळी, ही टिक वेगळी, एक केलं म्हणून दुसरी होत नाही.

अन् टिकचंच पुन्हा सांगतो, राग येऊ देऊ नका. ड्रायव्हर नवीन टाकला की ही टिक परत लागू शकते. "दादा, महिनाभर चाललं अन् पुन्हा तेच" म्हणणाऱ्यांनी आधी तिथंच जाऊन पाहा.

टॅबच दिसत नसंन तर घाबरू नका, मॉडर्न स्टँडबायवाल्या, म्हणजे मोबाईलसारख्या झोपणाऱ्या-उठणाऱ्या, नव्या लॅपटॉपमधी ती बहुतेक नसतेच. तिथं बॅटरी सेव्हर बंद ठेवा, पॉवर मोड बेस्ट परफॉर्मन्सवर घ्या. इंटेलचं कार्ड असंन तर ॲडव्हान्स्ड टॅबमधी मायमो पॉवर सेव्ह मोड (MIMO Power Save Mode, अँटेनाची पॉवर वाचवाची सेटिंग) नो एसएमपीएस (No SMPS), म्हणजे बंद, करून पाहा.

आमच्याकडच्या एका सेतू केंद्रावर जुलैमधी पीक विम्याची गर्दी, बाहेर शेतकरी सातबारा घेऊन उभे, अन् फॉर्म सबमिट करता करता नेट गुल. तालुक्याच्या दुकानात त्यायले सांगितलं कार्ड गेलं, यूएसबी डोंगल (पोर्टमधी लावायचं छोटं वायफाय अडॅप्टर) घ्या. घेतलं, तेबी तुटाले लागलं. मी गेलो तर डोंगलची यादीत वेगळी एंट्री अन् त्याले वेगळी टिक, कोणी उघडूनबी पाहिली नव्हती. वरून डोंगलच्या बाजूच्याच यूएसबी ३ पोर्टमधी हार्ड डिस्क. यूएसबी ३ चा रेडिओ गोंगाट (कानाले ऐकू येणारा नाही) २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येते, बरंचसं वायफायबी तिथंच चालते. टिक काढली, डोंगल छोट्या एक्स्टेन्शन वायरवर दूर घेतलं, काम सुरू झालं. लोकायची दिवसाची मजुरी बुडते हो अशा पायी, म्हणून एवढं जीव तोडून सांगून राहिलो. पैसे खर्चाच्या आधी टिक पाहा.

खात्री कराची असंन तर ॲडमिनवाल्या कमांड प्रॉम्प्टमधी डब्ल्यूलॅन (वायफाय) रिपोर्टची कमांड टाका: netsh wlan show wlanreport. मागच्या ३ दिवसांत वायफाय कधी तुटलं, काऊन तुटलं, सगळं निघते. लाईन जायच्या वेळा कागदावर लिहून त्याले जुळवून पाहा.

एवढं करूनबी अडॅप्टर यादीतूनच गायब होत असंन, रीस्टार्ट केल्यावरबी येत नसंन, तर मंग कार्ड किंवा त्याचं कनेक्शन खोलून पाहा लागते, ते जाणकाराकडूनच करा.

कमेंटमधी विचारताना डिव्हाइस मॅनेजरमधलं अडॅप्टरचं पूर्ण नाव लिहा. नुसती लॅपटॉपची कंपनी नका लिहू, एकाच मॉडेलमधी दोन वेगळी कार्डं येऊ शकतात. अन् चार्जरवर तुटते का बॅटरीवर, हे तर लिहाच.