रत्नागिरीत स्टँडजवळ हॉटेल घेताय? आधी हे विचारा

नमस्कार मंडळी! गणपतीपुळ्याचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा लागलाय, ताई रत्नागिरी शहरात साधं, स्वच्छ, फॅमिलीला चालेल असं हॉटेल सांगा. नाव मी सांगत नाही. मॅनेजर बदलला की हॉटेल बदलतं आणि शिव्या मला पडतात.

बाकी सोपंय. एसटी स्टँड, मारुती मंदिर नाहीतर साळवी स्टॉप, या पट्ट्यात बघा. स्टँडजवळ राहिलात तर राम आळीचा बाजार, टिळकांचं जन्मस्थान चालत होतं, थिबा पॅलेसला रिक्षा करा. ओळखपत्र सगळ्यांचं लागतं, आधार देणार असाल तर मास्क्डवालं, म्हणजे पहिले आठ आकडे झाकलेलं, डाउनलोड करून ठेवा. 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 5 टक्के आहे, बिलात 12 लावले तर विचारायचं, लाजायचं नाही. झालं.

आता खरा घोळ. चेकइन-चेकआउट! कोकणकन्या एक्स्प्रेस मुंबईहून रात्री सुटते आणि उजाडायच्या आत रत्नागिरीला आणून सोडते, स्टेशन शहरात नाही, कुवारबावला, तिथून रिक्षा करून तुम्ही डोळे चोळत काउंटरवर येता आणि तो पोरगा म्हणतो, चेकइन बाराला. मग काय, सोफ्यावर आजी, आजीच्या मांडीवर बाळ, बाळाच्या दुधाला गरम पाणी मागायची पंचाईत. हे मी एका हॉटेलात डोळ्यांनी बघितलंय. वर तो म्हणाला, आत्ता खोली पाहिजे तर एक दिवसाचं भाडं जादा.

का? तर समजा तुम्ही 14 तारखेच्या पहाटे पोचताय. तुम्ही ॲपवर 14 टाकली. पण हॉटेलच्या हिशोबात ती पहाट 13 च्या रात्रीत येते! म्हणजे खोली 13 पासून पाहिजे. आणि 13 पासून घेतलीत तरी फोन करून सांगा, "पहाटे येतोय, नो-शो, म्हणजे आलेच नाहीत असं, टाकू नका." नाहीतर रात्री तुम्ही आला नाहीत म्हणून खोली दुसऱ्याला जाते. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं टाइमटेबलच वेगळं असतं, तेव्हा वेळ तिकिटावर बघूनच सांगायची.

आता काहीजण लिहितात, ताई आम्ही 24 तासवालं घेतो, टेन्शन नाही. अहो, पहाटे साडेपाचला शिरलात तर दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचलाच बाहेर! परतीची गाडी रात्रीची, मग दिवसभर बॅगा घेऊन कुठे फिरणार? सामान काउंटरमागे ठेवतात बहुतेक ठिकाणी, पण आधी विचारा, आणि निघायच्या आधी अंघोळीला एखादी खोली देतात का तेही विचारा.

थोडक्यात फोनवर "रेट काय" हा पहिला प्रश्न नकोच. "आम्ही अमुक तारखेला पहाटे इतक्या वाजता येणार, इतक्या वाजता निघणार, एकूण किती दिवसांचं भाडं धरणार?" एवढंच विचारायचं आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून मागायचं. माझ्या मावसभावाला हे पटतच नाही, तो म्हणतो तिथे जाऊन बघू, ॲडजस्ट करतात. करतात ना, मे महिन्याच्या सुट्टीत करून दाखव म्हणावं.

ॲपवाल्यांचा एक वेगळाच राग आहे मला. ॲपवर चेकआउट अकरा, काउंटरमागच्या पाटीवर नऊ, आणि भांडण तुमच्यात न् त्या पोरात, ज्याच्या हातात काहीच नाही. त्याच्यावर ओरडू नका, मालकाला फोन लावून द्यायला सांगा.

आणि हो, "सी व्ह्यू आहे का" विचारणारे दादा, स्टँडजवळच्या खोलीतून एसटी दिसते. समुद्र पाहिजे तर संध्याकाळी मांडवीच्या किनाऱ्यावर जा. खोली मात्र मागच्या बाजूची मागा, पहाटेच्या एसट्यांची घरघर आणि स्टँडवरचा भोंगा पुढच्या खोल्यांत थेट उशीशी येतो. मागे कधीकधी किचनचा फॅन असतो, तोही चालू असताना ऐका, मगच बॅग उघडा.