बिरेस्तार कोणाचा?

शुक्रवारी सकाळी म्हापशाच्या बाजारात सुके बांगडे, चोरिसांच्या, म्हणजे गोवन सॉसेजच्या, माळा, मातीची मडकी आणि गावठी भाजी मांडलेली असते, आणि आसपासच्या गावांतली माणसे आठवड्याचा बाजार करायला येथे लोटतात. या दिवसाला कोकणीत शुक्रार म्हणतात. १५१० मध्ये गोव्यात आलेल्या आणि १९६१ पर्यंत टिकलेल्या पोर्तुगिजांच्या भाषेत मात्र तो 'सेश्ता-फेइरा', म्हणजे सहावा दिवस.

फ्रेंच आणि स्पॅनिश भाषांनी दिवसांच्या नावांत ग्रह जपले. पोर्तुगीज भाषेत सोमवार दुसरा, मंगळवार तिसरा, अशी नुसती मोजणी आहे. सहाव्या शतकात ब्रागाचे बिशप मार्तिन्यु यांनी, ख्रिस्ती माणसाने दिवसांना रोमन देवांची नावे द्यावीत याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली होती, आणि या मोजणीचे श्रेय परंपरेने त्यांनाच दिले जाते. 'फेइरा' हा शब्द लॅटिनमधील सणाच्या दिवसावरून आला असला, तरी त्याचा दुसरा अर्थ बाजार असा आहे. म्हापशाला तो चपखल बसला असता. तरीही गोव्याच्या घरांत, शेतांत आणि चर्चच्या अंगणातही आयतार, सोमार, मंगळार हीच नावे बोलली गेली. आयतार म्हणजे आदित्यवार.

पण सूर्यानंतर चंद्र आणि चंद्रानंतर मंगळ, हा क्रम आला कोठून? आकाशात मंद गतीकडून शीघ्र गतीकडे मोजल्यास शनी, गुरू, मंगळ, सूर्य, शुक्र, बुध, चंद्र अशी रांग लागते. दिवसाच्या चोवीस होरांवर, म्हणजे तासांवर, या सातांचा पाळीपाळीने अंमल मानला, तर पहिली होरा सूर्याची असलेल्या दिवशी तीन फेऱ्या पुऱ्या होऊन आणखी तीन होरा उरतात, त्या सूर्य, शुक्र आणि बुध घेतात, आणि दुसऱ्या दिवसाची पहिली होरा चंद्राकडे जाते. पहिल्या होरेचा स्वामी तोच त्या वाराचा स्वामी. 'होरा' हा शब्द मूळचा ग्रीक. पण आर्यभटाने या सगळ्या गणिताचे सूत्र, शीघ्रतेच्या क्रमाने प्रत्येक चौथा ग्रह दिनपती होतो, असे एका ओळीत बसवले आहे.

भारतातल्या कोरीव लेखांत वाराचा सर्वांत जुना उल्लेख मध्य प्रदेशातील एरण येथे, गुप्त राजा बुधगुप्ताच्या काळातील इ. स. ४८४ च्या स्तंभावर सापडतो. आषाढ शुद्ध द्वादशी, आणि वार 'सुरगुरूचा', म्हणजे देवांचा गुरू बृहस्पती याचा. मराठीत आपण त्याला गुरुवार म्हणून मोकळे होतो; गोव्यातली म्हातारी मात्र अजून 'बिरेस्तार' म्हणते, आणि त्यात झिजलेला बृहस्पती ऐकू येतो.