खुर्ची उलटी करा

(दृश्य: जमिनीवर उलटी ठेवलेली खुर्ची)

खुर्ची नेमकी कुठल्या लाकडाची, हे ओळखायचंय? वरून पॉलिश सागाचं असो की अक्रोडाचं, खालच्या बाजूला पॉलिशवाल्याचा हात आखडतोच. आसनाच्या आतल्या कडेला बोटभर कोरी जागा सापडते. तिथे लाकडाचा खरा रंग: दुधाळ पिवळा, कुठे किंचित गुलाबी झाक.

(दृश्य: तिरपा टॉर्च, फळी अगदी जवळून)

उजेड तिरपा पाडला की सुईनं ओरखडल्यासारख्या तुटक रेघा दिसतात. या लाकडातल्या नळ्या. झाड उभं होतं तेव्हा यांतूनच पाणी वर चढायचं. ओकमध्ये मोठ्या नळ्या दरवर्षी एका पट्ट्यात दाटी करतात. इथे त्या सगळीकडे विखुरलेल्या. बीच नावाच्या लाकडाच्या अंगावरचे बारीक तपकिरी ठिपकेही इथे नाहीत. आणि मध्येच करवतीच्या दातांसारखा सांधा, फिंगर जॉइंट. एवढं जुळलं तर बहुधा हे रबरवुड. नुसत्या सांध्यावर मात्र जाऊ नका, तो पाइनलाही असतो.

हो, रबराचंच झाड. मूळचं अ‍ॅमेझॉनच्या जंगलातलं. १८७६ मध्ये हेन्री विकहॅम या ब्रिटिश माणसानं सुमारे ७०,००० बिया लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात आणल्या. रुजल्या त्यातल्या तीन हजारांहूनही कमी. त्यांची रोपं पुढे श्रीलंका आणि मलायात गेली.

(दृश्य: बुंध्यावरची तिरकी खाच, वाटीत पडणारा चीक)

लागवडीतलं झाड पंचवीस-तीस वर्षं चीक देतं. तो आटला की झाड तोडून नवं लावतात. म्हणजे लाकूड हाती येईपर्यंत झाडानं आपला खर्च कधीच फेडलेला असतो. हे लाकूड स्वस्त असण्याचं एक मोठं कारण हे. बुंधा मात्र आखूड, त्यात खाचांच्या जखमा. खराब भाग काढला की तुकडेच उरतात. मग त्यांना दाते पाडून, गोंद लावून फळी जुळवायची.

पूर्वी हे लाकूड चुलीत जायचं. यात पिष्ट (स्टार्च) भरपूर, त्यामुळे कापल्यावर काही दिवसांतच निळसर बुरशी चढते, मागोमाग भुंगेरे येतात. फळ्या ताज्या असतानाच दाबाखाली कीड-बुरशी रोखणारी बोरॉनची द्रावणं आत मुरवून भट्टीत वाळवायला लागले, तेव्हा कुठे फर्निचरचा रस्ता खुला झाला. मलेशियात हा धंदा १९८० च्या दशकात फोफावला. तिथूनच ‘मलेशियन ओक’ हे भारदस्त नाव आलं. ओकशी याचं नातं काडीचंही नाही!

तरी हलक्यात काढू नका. वजनाला हे सागाच्या जवळपास, स्क्रू घट्ट धरतं, रंगही छान पितं. फक्त सागाच्या अंगातलं, कीड आणि पाणी दूर ठेवणारं तेल याच्याकडे नाही. शिवाय बोरॉनचे क्षार पाण्यात विरघळतात, त्यामुळे पावसात राहिलेली खुर्ची हळूहळू आपलं औषध गमावते.

(दृश्य: पायावर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रं, खाली पांढरट भुकटी)

ही भुकटी झटकून टाका. उद्या तिथेच पुन्हा दिसली, तर कीड बहुधा अजून आत जिवंत आहे.