चौदा आणे आणि खोताचा वाटा

श्रोतेहो, नमस्कार.

लोकप्रतिनिधीने किती कायदे करून घेतले आणि मतदारसंघात किती निधी आणला, यावरून त्याची कारकीर्द मोजण्याची आपली पद्धत आहे. हेच माप मुंबई प्रांताच्या कायदेमंडळातील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना लावले, तर जमेच्या बाजूला फारसे काही दिसणार नाही. त्यांनी मांडलेली ग्रामीण प्रश्नांवरची दोन प्रमुख विधेयके त्यांच्या तेथील काळात मंजूर झालीच नाहीत. तरीही या कारकिर्दीचे जुने कागद उघडून पाहण्यासारखे आहेत.

१९२७ च्या फेब्रुवारीत त्यांनी नियुक्त सदस्य म्हणून शपथ घेतली आणि १२ मार्चला ते शिक्षणाच्या अनुदानावर बोलायला उभे राहिले. त्यांनी मांडलेला हिशेब साधा होता. सरकार प्रांतातील माणशी केवळ चौदा आणे, म्हणजे रुपयाहूनही कमी, शिक्षणावर खर्च करते, आणि त्याच माणसाकडून अबकारी उत्पन्नापोटी, म्हणजे मुख्यतः दारू-ताडीपोटी, दोन रुपयांहून अधिक वसूल करते. निदान जेवढे या वाटेने घेता तेवढे तरी शिक्षणाच्या वाटेने परत द्या, एवढीच त्यांची मागणी होती. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हेही त्यांनी सभागृहाच्या नजरेस आणले. शाळा उघडली की काम झाले, अशी समजूत असलेल्यांना हा आकडा नक्कीच टोचला असेल. प्रसाराची गती अशीच राहिली, तर शाळेच्या वयाचे सगळे मुलगे शिक्षणाखाली यायला चाळीस वर्षे लागतील आणि मुली यायला तीनशे, हे गणितही त्याच भाषणातले.

हे बोलणे एका समाजापुरते नव्हते, ही गोष्ट आपण अनेकदा विसरतो. महाविद्यालयीन शिक्षणात दोन लाख लोकसंख्येमागे पुढारलेल्या हिंदूंचे एक हजार विद्यार्थी, मुसलमानांचे बावन्न, मराठे व तत्सम जातींचे चौदा आणि मागासवर्गीयांचे जवळजवळ शून्य, अशी विभागणी त्यांनी मांडली होती. त्यातले चौदा म्हणजे खेड्यापाड्यातल्या शेतकऱ्यांचीच मुले म्हणायची. शिक्षण खाते हे जेवढे द्यावे तेवढे घ्यावे अशा व्यापारी हिशेबाने चालवता येत नाही, असे त्यांनी बजावले. या भाषणानंतर आठच दिवसांनी ते महाडला चवदार तळ्यावर होते.

खेड्याच्या बाजूने त्यांचे पहिले मोठे पाऊल १९२८ साली पडले. महारांच्या वतनाला, म्हणजे पिढीजात हुद्द्याला, गावकीच्या चाकरीची साखळी जोडलेली होती. वेळी-अवेळी बोलावणे आले की घरातल्या कोणीतरी जायचे, आणि मोबदला म्हणून तुटपुंजी जमीन व बलुते, म्हणजे गावाच्या पिकातला ठरलेला वाटा. ही साखळी सैल करण्यासाठी वंशपरंपरागत हुद्द्यांच्या १८७४ च्या कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक त्यांनी आणले, पण ते अखेर मागे घ्यावे लागले.

दुसरे विधेयक खोतीचे. कोकणात सरकार आणि कूळ, म्हणजे जमीन प्रत्यक्ष कसणारा शेतकरी, यांच्यामध्ये खोत बसलेला असे. सारा, म्हणजे जमिनीचा कर, तो भरी, परंतु नांगर धरणाऱ्या कुळाला पिकातला मोठा वाटा त्याला द्यावा लागे, शिवाय वेठ, म्हणजे फुकटची सक्तीची कामे, असेच. कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्यात चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १९३३ पासून संप पुकारला होता आणि तो सहा वर्षे चालला. ही पार्श्वभूमी असताना, स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते म्हणून निवडून आलेल्या आंबेडकरांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करणारे विधेयक मांडले. खोताला वाजवी नुकसानभरपाई द्यावी आणि जमीन प्रत्यक्ष कसणाऱ्याला सरकारशी थेट नाते जोडून द्यावे, अशी त्याची मांडणी होती. विधेयक मांडून स्वस्थ बसणे मात्र त्यांना जमणारे नव्हते. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कायदेमंडळावर चालून आले. त्यांत कोकणातून आलेली कुळे होती, आणि जो कायदा त्यांच्याच शेताविषयी होता त्याची मागणी ती स्वतः करत होती.

खोती संपवणारा कायदा मुंबई राज्याने १९४९ साली केला. तेव्हा आंबेडकर मुंबईच्या सभागृहात नव्हते; ते दिल्लीत होते, देशाचे कायदामंत्री म्हणून. महारांचे वतन ज्यात मोडत असे ती कनिष्ठ ग्राम वतने रद्द करणारा कायदा तर १९५८ चा, त्यांच्या निधनानंतरचा.