आजींच्या पाच नळ्या

(दृश्य: रुग्णालयाबाहेरची सकाळची रांग)

‘ताई, माझं रगत ठेवणार कुठं तुम्ही?’

गगनबावड्याकडच्या एका आजींनी संशोधनासाठी रक्त देण्याच्या संमतीपत्रावर अंगठा उठवला, साक्षीदाराची सही झाली आणि मग त्यांनी हे विचारलं. कोल्हापुरातल्या एका प्रयोगशाळेत ऐकलेला हा प्रश्न आमच्या मनातून गेलाच नाही.

(दृश्य: फिरणारं सेंट्रिफ्यूज)

रक्त यंत्रात फिरलं की वर पिवळसर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव, येतो, मधे पांढऱ्या पेशींचा पातळ थर, तळाला लाल पेशी. प्लाझ्मा चार नळ्यांत वाटतात. पांढऱ्या पेशींमधून डीएनए काढला की पाचवी नळी. उणे ८० अंशांच्या फ्रीजरमधल्या नऊ बाय नऊच्या डब्यात ८१ खाने असतात. आजींच्या पाच नळ्या पाच वेगळ्या खान्यांत, कधी दोन वेगळ्या डब्यांत. हे सगळं लक्षात ठेवायला होती एक वही, नंतर एक्सेलची फाइल.

ऑगस्ट २०१९. पंचगंगेनं ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, शहराच्या बऱ्याच भागात वीज गेली. घाईघाईनं डबे दुसऱ्या फ्रीजरमध्ये हलवले गेले. नळ्या वाचल्या. कुठला डबा कुठं गेला ते मात्र लिहायचं राहिलं, आणि दवानं काही चिठ्ठ्यांवरची शाईही उतरली होती. ज्या नळीचं नाव-गाव हरवलं, ती संशोधनाला निरुपयोगी. रक्त देणाऱ्याचा विश्वासही तिथंच वाया जातो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, बारकोड वाचक)

आता या पडद्याकडे पाहा. हे ओपनस्पेसिमेन, नमुन्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर. याचं मूळ अमेरिकेतल्या सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात, अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या पैशातून उभ्या राहिलेल्या ‘सीएटिश्यू’ या प्रणालीत आहे. पुढं तिचा विकास पुण्याच्या कृषाग्नी कंपनीनं चालवला. आपल्याला अभिमान वाटावा अशीच गोष्ट आहे ही. सोर्स कोड, म्हणजे सॉफ्टवेअरची मूळ संहिता, खुला आहे. कुणीही उघडून वाचावा, आपल्या कामापुरता बदलावा.

त्याची मांडणी आम्हाला फार आवडली. आधी माणूस, मग त्याची भेट, मग त्या भेटीत घेतलेला नमुना. त्या नमुन्यातून निघालेली प्रत्येक नळी मूळ नमुन्याशी बांधलेली, जणू वंशावळच. नळी कितीदा वितळली, कुणी काढली, कुणाला दिली, सगळं नोंदवता येतं. आजींचं नाव-पत्ता मात्र अधिकार असलेल्यालाच दिसतो. इतरांना फक्त क्रमांक.

सॉफ्टवेअर फुकट मिळालं तरी सर्व्हर लागतो, रोजचा बॅकअप लागतो, आणि बारकोड न चुकता वाचणारा एक माणूस लागतो. छोट्या महाविद्यालयाला हा माणूसच परवडत नाही. निधी मागताना आधी त्याचा पगार मागा, असं आम्ही आग्रहानं सांगू.

(दृश्य: फ्रीजरचं दार, थंड वाफ)

संमती दिलेला माणूस ती मागेही घेऊ शकतो. आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं त्याला हा हक्क देतात. उद्या आजी म्हणाल्या, ‘नको बाई, काढून टाका,’ तर वहीत पाचही नळ्या शोधायला किती दिवस जातील? इथं एक क्रमांक टाकला, पाच ओळी आल्या. फ्रीजर, कप्पा, डबा, खाना.

‘इथं आहे, आजी. दाखवू?’