सोनं सापडलं, पैसे गेले

आयोजकांनी मला ‘यशस्वी गुंतवणूकदार’ म्हणून बोलावलं, तेव्हाच सांगितलं होतं की विशेषण काढा. खनिजं शोधणाऱ्या छोट्या कंपन्यांचे शेअर मी बरीच वर्षं बाळगले. त्यातल्या एका कंपनीला तर खरोखरच सोनं सापडलं, आणि त्याच कंपनीत माझे पैसे बुडाले. आज तेवढंच सांगतो.

या कंपन्या खाण चालवत नाहीत. त्यांच्याकडे जमिनीचा एक तुकडा, दोन-तीन भूवैज्ञानिक आणि बँकेत थोडी रोकड असते. विक्री शून्य. रोकड संपली की नवे शेअर काढायचे, त्या पैशांतून पुन्हा जमिनीत भोकं पाडायची, म्हणजे ड्रिलिंग करायचं. कॅनडात टीएसएक्स व्हेंचर एक्स्चेंज या छोट्या कंपन्यांच्या शेअर बाजारात अशा शेकडो कंपन्या नोंदलेल्या आहेत.

सोनं सापडलेल्या त्या कंपनीचे शेअर मी घेतले ४० सेंटला. कंपनीचे एकूण शेअर होते ४ कोटी, म्हणजे बाजाराच्या लेखी कंपनीची किंमत १ कोटी ६० लाख डॉलर. काही वर्षांनी ड्रिलिंग चांगलं निघालं, सोन्याचा भावही वाढला आणि ही किंमत २ कोटी ४० लाखांवर गेली. कंपनी दीडपट झाली! माझा शेअर मात्र १५ सेंटवर. कारण दरम्यान शेअर ४ कोटींचे १६ कोटी झाले होते. दर वेळी पैसे उभे करताना नवे शेअर स्वस्तात, त्यावर वॉरंटची खिरापत, म्हणजे पुढे ठरलेल्या भावाने आणखी शेअर घ्यायचा हक्क. भाव जरा वर आला की वॉरंटवाले येऊन विकून जात. मी बघत होतो भोकांकडे, कंपनी छापत होती कागद.

मग संचालकांनी दहा शेअरचा एक केला. सकाळी खात्यात भाव दीड डॉलर दिसला आणि मी क्षणभर खूश झालो. खोटं कशाला बोलू?

या धंद्याबद्दल बोलताना लोक ब्रे-एक्स या कॅनडातल्या कंपनीची गोष्ट सांगतात. इंडोनेशियातलं बुसांग, नमुन्यांत बाहेरून मिसळलेलं सोनं, ६ अब्ज कॅनेडियन डॉलरपर्यंत चढलेली कंपनी आणि १९९७ साली फ्रीपोर्ट या अमेरिकन खाण कंपनीने स्वतः भोकं पाडून पाहिल्यावर हाती लागलेलं जवळजवळ काहीच नाही. त्यातून धडा घेऊन कॅनडाने २००१ मध्ये ४३-१०१ हा नियम आणला. खनिजाची आकडेवारी जाहीर करायची तर पात्र तज्ज्ञाची जबाबदारी हवी. चांगला नियम आहे. पण माझं नुकसान लबाडीने झालंच नव्हतं. सगळं कायदेशीर होतं, छापून दिलेलं होतं. मीच वाचलं नाही.

ऑस्ट्रेलियातली पोसायडन कंपनी मला जास्त शिकवून गेली. १९६९ च्या सप्टेंबरमध्ये ८० सेंटच्या आसपास असलेला शेअर १९७० च्या फेब्रुवारीत २८० डॉलरला पोचला. निकेल खरं होतं, विंडारा या ठिकाणी. पण प्रत अपेक्षेपेक्षा हलकी निघाली, उत्पादन सुरू व्हायला १९७४ उजाडलं आणि तोवर निकेलचा भाव उतरला होता. १९७६ मध्ये कंपनी बुडाली. धातू सापडणं आणि त्यातून भागधारकाला पैसे मिळणं यांच्यामध्ये अख्खी वर्षं उभी असतात, आणि त्या वर्षांचा खर्च कोणीतरी करायचा असतो.

कंपनीची पत्रकं वाचायलाही मी उशिराच शिकलो. ‘३० मीटरमध्ये टनाला २ ग्रॅम, त्यात १ मीटरमध्ये ५० ग्रॅम’ हे वाचून मी नाचलो होतो. कागद-पेन्सिल घेतली असती तर? तीस दुणे साठ. त्यातले पन्नास एकाच मीटरमध्ये गेले. उरले दहा, ते एकोणतीस मीटरमध्ये. म्हणजे तिथे टनाला ग्रॅमचा जेमतेम तिसरा हिस्सा! एका मीटरचं सोनं तीस मीटरवर पसरून दाखवलेलं, जसं चमचाभर तूप अख्ख्या पंक्तीला. शिवाय भोक शिरेला, म्हणजे खडकातल्या सोन्याच्या पट्ट्याला, तिरकं गेलं असेल तर ते तीस मीटर शिरेची खरी जाडी नव्हतेच.

विकायचं म्हटलं तर तेही सोपं नाही. चांगली बातमी आली की घेणारे दिसतात, वाईट आली की समोर कोणीच नसतं. पाच-सहा हजार शेअर विकायला काढले तरी भाव आपल्याच वजनाने खाली बसतो. म्हणून भाव दुप्पट झाला की निम्मे विकावेत, असं मी ठरवलं. ठरवलं तेव्हा दुप्पट झालेलं काही उरलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

मघाशी एका ताईंनी विचारलं, मग आता काय बघता? तिमाही ताळेबंद उघडतो. हातातली रोकड भागिले महिन्याचा खर्च. मग एकूण शेअर, वॉरंट धरून. भूगर्भाचा नकाशा त्यानंतर. सध्या माझ्याकडे अशी एकच कंपनी आहे. तिच्याकडे सात महिन्यांची रोकड उरली आहे आणि गेल्या आठवड्यात त्यांचं फार उत्साहाचं पत्रक आलं. म्हणजे नवे शेअर निघणार.